वावटळ्याचा रंगीत अंक

आदिनाथ सरांना राजकारणाची किळस होती. राग नव्हे, कंटाळा नव्हे, किळस. ताटात केस निघावा आणि पुढचा घास उतरू नये, तशी. वर्तमानपत्र ते मागच्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि पहिलं पान यायच्या आत थांबायचे. एस.टी.त शेजाऱ्याने 'यंदा कोण निवडून येतंय' असा विषय काढला की उठून दाराशी जाऊन उभे राहायचे, मग जिंतूरपर्यंत लोंबकळत जावं लागलं तरी बेहत्तर. मागच्या निवडणुकीत शाळेच्या भिंतीवर कुणीतरी चिन्ह रंगवलं होतं. ते सरांनी स्वतः चुन्याने पुसलं आणि घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. अंघोळीची ही गोष्ट त्यांच्या बायकोनेच गावभर केली होती.

असा माणूस दिनकररावांच्या शाळेत बावीस वर्षं टिकला कसा, असं कुणी विचारेल. शाळा दिनकररावांच्या संस्थेची, येलदरी रस्त्यावरची, पाचवी ते दहावी. आणि दिनकरराव म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत राजकारण. पण चित्रकलेच्या शिक्षकाकडे कुणाचं लक्ष नसतं. गणिताच्या शिक्षकाला सभेच्या खुर्च्या मोजायला नेतात, मराठीच्या शिक्षकाकडून भाषणं लिहून घेतात, पीटीच्या शिक्षकाला रॅलीपुढे शिट्टी फुंकायला लावतात. चित्रकलेच्या शिक्षकाने रांगोळी काढून दिली की तो सुटला. सर तसे सुटले होते, आणि सुटल्याचा त्यांना फार गर्व होता.

त्या सुटकेतून वावटळ्या जन्माला आला. सहा वर्षांपूर्वी.

वावटळ्या म्हणजे सरांच्या चित्रकथेचा नायक. दहा-बारा वर्षांचा पोरगा, अनवाणी, शर्टाची दोन बटणं तुटलेली. स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या की त्याची वावटळ व्हायची आणि मग त्याला कुठेही जाता यायचं. आठ पानांचा अंक, पेनने काढलेला, काळा-पांढरा. आठवडाभर सर तो काढायचे, गुरुवारी शाळेचा शिपाई ग्यानबाकडे द्यायचे, ग्यानबा शुक्रवारी जिंतूरला जाऊन झेरॉक्स काढून आणायचा, रात्री घरी बसून पिना मारायचा, आणि शनिवारी अर्धी शाळा सुटताना तो पोरांच्या हातात पडायचा. पोरं पायरीवर, सायकलवर, चिंचेच्या मुळावर, मिळेल तिथे बसून वाचायची.

त्यातली निम्मी पोरं हंगामी वसतिगृहातली. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत, त्यांची. घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर उसात. वावटळ्या रात्री तीन गिरक्या घ्यायचा, थेट उसाच्या फडात उतरायचा, पाचटाच्या कोपीत झोपलेल्या आईच्या पायाला हात लावायचा आणि सकाळच्या घंटेच्या आत परत यायचा. हा अंक वाचून पोरं दोन दिवस शाळेच्या मैदानात गिरक्या घेऊन चक्कर येऊन पडत होती. सरांनी तेव्हा ठरवून टाकलं की आपण ज्यासाठी जन्माला आलो ते हेच. पोरांना आठवड्यातून आठ पानं तरी या चिखलातून बाहेर काढायचं. इथे ना पक्ष, ना जात, ना साहेब.

वावटळ्याला वैरी हवा म्हणून घोंगड्या होता. काळा, जाड ओठांचा, कानात बाळी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. ज्या वस्तूवर तो घोंगडी टाकील ती गायब. विहीर गायब, चंद्र गायब, एकदा तर त्याने येलदरीच्या धरणावर घोंगडी टाकली आणि सगळं पाणी पळवलं. घोंगड्या पानात आला की पोरं आनंदाने किंचाळायची. सरांना स्वतःलाही तो फार आवडायचा. घोंगडीच्या घड्या काढताना त्यांचा हात छान चालायचा.

या घोंगड्यावरून एकदाच वाजलं होतं, तिसऱ्या वर्षी. स्टाफरूममध्ये कोकिळा मॅडम अंक चाळत बसल्या होत्या. त्या इतिहास शिकवायच्या, सेलूहून यायच्या, आणि मनात आलं की बोलून टाकायच्या.

"सर, वावटळ्या रात्री आईला भेटायला जातो, ते मला फार आवडलं," मॅडम म्हणाल्या. "पण आई इतक्या लांब का आहे, ते तुम्ही कधी काढत नाही."

"ते काढलं की राजकारण झालं."

"बरं. मग चोर दरवेळी घोंगडीवालाच का?"

सरांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना फार घाण वाटला. कुणीतरी देवघरात चपला घालून यावं तसं झालं त्यांना. "मॅडम," ते म्हणाले, "पोरांना दिवसभर तेच असतं. घरी तेच, गावात तेच, टीव्हीवर तेच. आठवड्यातून अर्धा तास ती सुटतात. तिथे तरी राजकारण शोधू नका."

"मी शोधत नाही, सर. ते पानावर आहे."

"जे शोधतात त्यांनाच दिसतं!" सर ओरडलेच. दारात ग्यानबा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याच्याकडे वळून सर म्हणाले, "ग्यानबा, तू सगळे अंक पाहिलेस. तूच सांग, यात राजकारण आहे का?"

ग्यानबाने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "म्या काय सांगू, सर. चहा घ्या, निवायलाय."

"बघा," सर मॅडमला म्हणाले. मॅडमनी त्यानंतर विषय काढला नाही आणि सरांनी तो आपला विजय धरला.

यंदा झेडपीची निवडणूक आली. दिनकररावांनी स्वतःच उभं राहायचं ठरवलं, आणि आचारसंहिता लागायच्या आठ दिवस आधी, एका बुधवारी, त्यांच्या पुतण्याचा सरांना फोन आला. योगीराज त्याचं नाव. जिंतुरात स्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि काकांच्या प्रचाराचं सगळं छापकाम तोच बघायचा.

"सर, दुकानात या. खुश करतो तुमाला."

दुकानात शाईचा उग्र वास आणि त्याच्यावर गुटख्याचा. भिंतीचा एक कोपरा कमरेपर्यंत लाल. योगीराजचं तोंड भरलेलं असल्यामुळे तो हनुवटी वर करून बोलत होता, आणि मधूनच पाण्याच्या बाटलीत थुंकून ती बाटली पुन्हा कॉम्प्युटरशेजारी ठेवत होता. बाटली अर्धी भरली होती. सरांनी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि मग त्यांना दुसरं काही दिसेना.

"हे बगा," योगीराजने पडदा सरांकडे फिरवला. "वावटळ्याचा रंगीत अंक. आर्ट पेपर. पाच हजार कॉपी. शनिवारी साहेब सोता शाळंत येऊन वाटनार."

मुखपृष्ठावर वरती सात गोल फोटो होते, दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत, मानाप्रमाणे मोठ्याकडून लहान होत गेलेले. मध्ये अर्धं पान दिनकरराव, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची बत्तीस मुंडकी, त्यातली निम्मी गॉगल लावून, उरलेल्यांच्या कानाला मोबाईल. वावटळ्या दिनकररावांच्या कोपराखाली होता. त्याच्या गळ्यात पक्षाचा गमछा होता आणि तुटलेली दोन बटणं शिवून दिलेली होती.

सरांनी पुढचं पान बघितलं. वरती तेच सात फोटो, खाली तीच बत्तीस मुंडकी. पुढचं पान, तेच. चित्राला मध्ये पोस्टकार्डाएवढी जागा उरली होती.

"प्रत्येक पानावर?" सरांच्या तोंडातून एवढंच निघालं.

"लागतंय, सर. फ्लेक्सचा कायदाच हाय तो. एका पानावर एकाचा फोटो ऱ्हायला की तो माणूस रुसतो, आन रुसला की फुटतो. बत्तीसच्या बत्तीस बसवता बसवता घाम निघाला." योगीराजने पुन्हा बाटली उचलली. "शर्टाच्या रंगाचं बी लय डोकं लावलं. कोणता बी रंग घ्या, कुणाचा ना कुणाचा निघतो. शेवटी साहेबाच्या जाकिटाचाच दिला."

गोष्ट अशी होती. वावटळ्या तीन गिरक्या घेतो आणि दिनकररावांच्या बंगल्यात उतरतो. उसाच्या फडात नाही, बंगल्यात. साहेबांच्या पाया पडतो. साहेब त्याला गमछा घालतात आणि म्हणतात, 'बाळा, येलदरीचं पाणी ज्याने पळवलं त्याला आपण दोघं धडा शिकवू.' शेवटच्या पानावर घोंगड्या पालथा पडलेला आणि पाण्याचा पाट थेट मतदान यंत्रापर्यंत गेलेला.

आईच्या पायाला लावायचा हात त्या पोराने कुठे नेऊन लावला होता! खाली जाड अक्षरांत छापलं होतं, चित्रे: आदिनाथ सर.

"हे काढून टाका," सर म्हणाले. "पोरांची सुटका आहे ही. यात राजकारण आणू नका."

"आनू?" योगीराज असा हसला की पडद्यावर लाल शिंतोडे उडाले. ते त्याने बाहीने पुसले, म्हणजे पसरवले. "आमी कामून आनावं, सर? हे बगा." त्याने घोंगड्याचं चित्र मोठं केलं. सगळा पडदा घोंगड्याने भरला. "बाकी समदं बदललं. ह्याला हात बी लावला न्हाई. जसा तुमी काढला तसाच ठुला. साहेब म्हनले, ह्यात करायसारखं काही न्हाईच. समोरून बन्सीधर उभा ऱ्हायलाय, मालूम हाय ना? त्याचा बाप आजून बी घोंगडी टाकून मेंढरामागं फिरतो. पोरगं पुस्तक घरी नेतंय, मायबाप बगतेत, काय समजायचं ते समजतेत. नाव घ्यायचं काम न्हाई, केस व्हायचं काम न्हाई."

"घोंगड्या कुणीच नाही! तो माझ्या डोक्यातला आहे!"

"आसंल. पर सहा वर्षं झाले, इथल्या पोरायला तुमीच शिकवायलाव की घोंगडीवाला दिसला की चोर समजा. आमी फकस्त रंग भरायलाव."

सर उठले. माझी परवानगी नाही, छापलंत तर मी वर तक्रार करीन, असं काहीबाही बोलले. योगीराजने शांतपणे सांगितलं की चित्रकलेचा शिक्षक अतिरिक्त ठरवायला संस्थेला एक कागद पुरतो. त्याचा सरांना फारसा धक्का बसला नाही. धक्का दुसराच होता. एवढी स्वच्छ वस्तू, आणि तिच्यात या माणसाला हे दिसावं! स्टँडवरच्या नळावर त्यांनी तीनदा चूळ भरली. घाणेरड्या डोळ्यांना सगळं घाणच दिसतं, असं स्वतःला समजावत ते येलदरीच्या गाडीत चढले.

दुसऱ्या दिवशी शाळेत ग्यानबा पाण्याची टाकी घासत होता. सरांनी त्याला सगळं सांगितलं, सात फोटो, बत्तीस मुंडकी, गमछा, आणि आपण कसं तोंडावर नाही म्हणालो ते. ते जरा रंगवूनच सांगितलं. ग्यानबा या अंकांचा सहा वर्षांपासूनचा सोबती, पहिला वाचक. त्याच्याकडून शाबासकी हवी होती.

"बरं केलं, सर," ग्यानबा टाकीतूनच म्हणाला.

"आणि तो हलकट म्हणतो की घोंगड्या म्हणजे बन्सीधरचा बाप! तुला कधी असं वाटलं?"

टाकीतला ब्रशचा आवाज थांबला. "मला कामून इचारता, सर," ग्यानबा म्हणाला. "पोरायला इचारा की."

सरांचा चेहरा उजळला. हे त्यांना सुचलंच नव्हतं. पोरांना विचारायचं! पोरांच्या डोळ्यांत घाण नसते. सगळ्यांसमोर, खुद्द साहेबांसमोर पोरं सांगतील की घोंगड्या गोष्टीतला आहे, कुणीच नाही. मग त्या पाच हजार कॉप्या वाटून वाटा. पोरांच्याच तोंडून खेळ मोडला की साहेब काय करणार? सरांनी टाकीवर थाप मारली आणि 'शाब्बास रे ग्यानबा' म्हणून ते वर्गात गेले. आपला वावटळ्या आपण वाचवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. शुक्रवारी रात्री त्यांना नीट झोप लागली नाही, पण ती आनंदामुळे.

शनिवारी सकाळी मैदानावर सव्वादोनशे पोरं रांगेत बसली. पांढऱ्या गाडीतून दिनकरराव उतरले, मागून योगीराज, त्याच्यामागे बत्तीसपैकी दहा-बारा मुंडकी आता धडासकट. मुख्याध्यापक हार घेऊन इतके वाकले की त्यांच्या खिशातलं पेन साहेबांच्या बुटावर पडलं. ते त्यांनी उचललं आणि उचलता उचलता बुटावरची धूळही पुसून घेतली. कोकिळा मॅडमनी मान दुसरीकडे वळवली. सरांना वाटलं, आत्ता इथेच ओकारी होणार.

अंकांचे गठ्ठे गाडीतून ग्यानबानेच उतरवले आणि रांगारांगांतून वाटले, कारण ते त्याचंच काम होतं. पोरांनी चकचकीत कागद नाकाला लावून हुंगला. रंगीत वावटळ्या बघून कुणी रडलं नाही, कुणाला काही घाण वाटली नाही. "आयला, भारी!" असा एक हलका गलका उठला. हे सरांनी धरलं नव्हतं.

साहेब वीस मिनिटं बोलले. लहानपणी आपणही कशी अशीच पुस्तकं वाचायचो आणि त्यातूनच अन्यायाशी लढायला कसे शिकलो, असं. मग मुख्याध्यापक म्हणाले की आपल्या शाळेचं भूषण आदिनाथ सर दोन शब्द बोलतील. साहेबांचे आभार मानावेत, असं त्यांनी सरांच्या कानातही सांगितलं.

सरांनी माईक हातात घेतला. "मुलांनो," ते म्हणाले, "वावटळ्या कुणाचा आहे?"

"आमचा!" मैदान दणाणलं.

जिंकलो, सरांना वाटलं. त्यांनी साहेबांकडे एकदा सरळ बघून घेतलं आणि आवाज चढवला. "आता मला खरं खरं सांगा. कुणाला घाबरायचं नाही. घोंगड्या कोण आहे?"

तोंडाने कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि त्यांनी मागे पाहिलं. मग त्यांच्या मागच्या रांगेने पाहिलं. मग पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या माना वळल्या, एकाच बाजूला, व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे, जिथे रुळाच्या तुकड्याची घंटा टांगलेली होती आणि तिच्याखाली रिकाम्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या गुंडाळत ग्यानबा उभा होता. पाचवीतल्या एका बारक्याने तर बोटच केलं. शेजारच्याने ते खाली ओढलं, आणि मग सगळीकडे खुसखुस पसरली.

ग्यानबाने वर पाहिलं नाही. सुतळी गुंडाळून झाली होती, ती त्याने उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. काळा, जाड ओठांचा, कानात बाळी. सर त्याच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षं रोज बघत होते, पण त्या क्षणी त्यांना ग्यानबा दिसेना, त्यांचंच चित्र दिसत होतं. ओठांची जी रेघ ते डोळे मिटून काढायचे ती रेघ तिथे होती.

"वा!" दिनकररावांनी मांडीवर थाप मारली. "पोरं हुशार हायत तुमची, मास्तर!" बत्तीसपैकी जे होते ते खो खो हसले. योगीराजला हसताना ठसका लागला आणि त्याने व्हरांड्याच्या खांबावर पिचकारी मारली. ती ओघळत खाली आली. मुख्याध्यापकही हसले. सरांच्या हातात माईक तसाच होता आणि त्यातून त्यांचा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू येत होता.

त्यांना किळस आली. या वेळी ती साहेबांची नव्हती, त्या पिचकारीचीही नव्हती. माईक धरलेल्या स्वतःच्या उजव्या हाताची होती. हा हात झिजवून सहा वर्षं आपण काय वाटत होतो! पोरांना चिखलातून बाहेर काढायचं म्हणत होतो आणि शनिवारच्या शनिवारी आठ पानं चिखल त्यांच्या हातात देत होतो, घड्याबिड्या नीट काढून. त्यांनी माईक टेबलावर ठेवला. आभार मानायचे राहिले. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शाळा सुटली, गाडी गेली, पोरं रंगीत अंक छातीशी धरून पांगली. ग्यानबा नळाशी बसून पाहुण्यांचे चहाचे कप धूत होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. बसावं की उभं राहावं ते कळेना.

"ग्यानबा," ते म्हणाले, "तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा आलेला तो 'तुम्ही' ग्यानबाने ऐकला की नाही, कळलं नाही. त्याने हातातला कप धुऊन पालथा घातला.

"सांगायला आलो हुतो, सर. विजी सातवीत हुती तवा."

विजी म्हणजे विजयमाला, ग्यानबाची मुलगी. ती सातवीतून शाळा सोडून जिंतूरला मावशीकडे गेली होती. चांगल्या शाळेत टाकलंस, असं सरांनीच तेव्हा ग्यानबाला म्हटलं होतं.

"पोरं तिच्या डोक्यावर सतरंजी टाकायची," ग्यानबा म्हणाला. "म्हनायची, घोंगड्याची पोरगी, गायब हो. शनिवारी तुमचा अंक निघाला की सोमवारी ठरलेलं. एक डाव चौघापाचायनी सतरंजी तशीच दाबून धरली. श्वास घ्याया यिना तिला. त्या दिशी तुमाला सांगावं म्हनून चहाच्या निमतानं आलो, तर तुमी मॅडमला म्हनायला हुता, जे शोधतेत त्यायलाच दिसतं. म्या चहा ठुला आन गेलो. हफ्त्याभरात तिचा दाखला काढला."

"अरे पण एका शब्दाने बोलायचं होतं! मी घोंगड्या काढायचा बंद केला असता!"

"तुमी म्हनला असता, ग्यानबा बी राजकारण करायला लागला."

सर नेमकं तेच म्हणाले असते. मग जे उरलं होतं ते बोलून गेले. "ग्यानबा, शपथेवर सांगतो, मी तुम्हाला डोळ्यांपुढे ठेवून ते काढलं नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं."

ग्यानबा पहिल्यांदा हसला. त्यात चेष्टा नव्हती.

"ठिवलं हुतं की, सर. पयल्या वक्ताला. घोंगडी खांद्यावरून कशी पडती ते तुमाला जमंना. मला घरून आनाया लावली आन डराइंगच्या खोलीत तासभर उभा केला. याद न्हाई का?"

सरांना खोली आठवली. खिडकीतून येणारा तिरपा उजेड आठवला, घोंगडीच्या तीन मोठ्या घड्या आणि कडेची पांढरी पट्टी आठवली. त्या घड्या साधल्याचा आनंदसुद्धा आठवला. घोंगडीच्या आत कोण उभं होतं ते मात्र आठवेना.

"लय बरं वाटलं हुतं तवा," ग्यानबा म्हणाला. त्याने शेवटचा कप विसळला. "एवढ्या जिंदगीत माजं चित्र कुनी काढलं न्हवतं. पयला अंक झेरॉक्स करून म्या आदुगर घरीच नेला. विजीला उठवलं आन म्हनलं, वाच गं, तुजा बाप पुस्तकात आलाय."